चादरीची दोन टोके

“मी आलो, दारातून हाक मारली आणि पडून असलेली कुत्री उठून उभी राहिली.” आमच्या चिरंजीवांचे हे कथन आता लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. ते चुकीचे आहे. ते खोडून काढणारा घरात मी एकटाच उरलो आहे.

कुत्रीच्या मणक्यातील चकती सरकली आणि तिचे मागचे पाय गेले. पशुवैद्यांनी औषधे दिली, विश्रांती सांगितली आणि त्यानंतर व्यायामोपचार करून पाहा, असे सुचवले. चिरंजीव हैदराबादेत नोकरीला. त्यांचा सूर निराळा होता. “बाबा, तिला किती फरफटू द्यायचं? मी येतो. डॉक्टरांना बोलावू आणि सोडवू तिला.” सोडवण्याचा अर्थ मला ठाऊक होता. ते येण्याआधी ती उभी राहिली पाहिजे, एवढेच मी मनाशी धरले.

या व्यायामोपचारासाठी घरच्यांनी एक गृहस्थ पसंत केले होते. त्यांच्याकडे कुत्र्यांना चालवायचा सरकता पट्टा होता, पोहवायची पाण्याची टाकी होती आणि खात्रीही होती. कुत्रीला हात न लावता केवळ एक्स-रे पाहून त्यांनी ती चालेल असे सांगितले. मला ती खात्रीच खटकली. हेच उपचार करणाऱ्या दुसऱ्या एक बाई होत्या. त्या घरी आल्या आणि प्रथम आमच्या गुळगुळीत फरशीवरून स्वतःचा पाय घसरवून पाहिला. मग कुत्रीच्या मागच्या बोटांमध्ये चिमटा घेतला. पाय किंचित आखडला. “चालेल असं मी म्हणत नाही, काका. प्रयत्न करण्यासारखं आहे, एवढंच.”

बाई माझ्याशी वाद घालत नव्हत्या म्हणून मी त्यांना निवडले, असे पत्नी सांगते. हेही चूक. पहिल्याच दिवशी बाईंनी मला गप्प केले. फरशीवर सतरंजी अंथरली होती. घरातली जुनी चादर घडी करून त्यांनी कुत्रीच्या पोटाखालून घेतली, दोन्ही टोके माझ्या हाती दिली आणि मला तिच्या मागे उभे केले. मी सवयीने चुचकारले.

“हाक मारू नका की, काका.”

हाकेने काय बिघडते, हे मला खरोखरच जाणून घ्यायचे होते. त्यांनी चादर काढली आणि मला समोर जाऊन बोलवायला सांगितले. कुत्री आनंदाने पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत आली. मागचे पाय चिंधीसारखे घसटत राहिले. “बघा, मागं पाय हायत हेच ती विसरते.” प्रेमाने हाका मारमारून आम्ही सर्वांनी तिला फरफटण्याचेच शिक्षण दिले होते. त्या दिवसापासून घरात हाक बंद, टाळी बंद. पत्नी म्हणाली, “कुत्री बरी होईल न होईल, तुम्ही गप्प बसलात हे काय थोडं झालं?”

मग माझे कुतूहल हातांत उतरले. चादरीतून तिचे वजन कळू लागले. कोणत्या बाजूला ती कलते, कोणता पंजा उलटा पडतो, हे पाहण्याआधी मनगटांना समजे. बाई गुडघ्यांवर बसून प्रत्येक पंजा सरळ टेकवीत. जेवणाचे भांडे त्यांनी पालथ्या घमेल्यावर ठेवायला लावले, म्हणजे तोंड घालण्यासाठी तिला उंच व्हावेच लागे.

चिरंजीव ज्या दिवशी येणार होते, त्या दिवशी ती भांड्याशी उभी असताना माझ्या हातांतली चादर हलकी झाली. मला वाटले, टोक सुटले. टोके हातातच होती. मी दोन्ही टोके खाली सोडली. मागचे पाय थरथरत होते, पण उभे होते. आणि घरात टाळी बंद करणाऱ्या त्या बाईंनीच टाळ्या वाजवल्या. पत्नी त्या वेळी स्वयंपाकघरात फोनचा स्पीकर लावून चिरंजीवांशी बोलत होती.

चिरंजीव पोहोचले तेव्हा दमून झोपलेली कुत्री त्यांच्या हाकेने दुसऱ्यांदा उठली. त्यांनी पाहिले ते एवढेच. त्याआधीचे मी सांगितले की ते हसतात. “बाबा, तुम्ही चादरीनं उचलून धरलं होतं. त्याला उभं राहणं म्हणत नाहीत.”

उचलून धरलेल्या कुत्रीसाठी त्या बाईंनी कधीही टाळी वाजवली नाही. आणि गाडी आमच्या गावाच्या अलीकडे होटगी स्थानकात थांबली असताना केलेल्या त्या फोनवर स्वतः चिरंजीवांनीच आपल्या आईला विचारले होते, “घरात टाळ्या कोण वाजवतंय?”