हाताला लागलेलं चॉकलेट

हेझलनट घातलेले चॉकलेटचे ट्रफल माझ्या हातून काही केल्या गोल वळेनात. "आण इकडे, लाडूच तर वळायचेत," म्हणत सासूबाई बसल्या. त्यांना डायबेटिस आहे हे ठाऊक असूनही मी ताट पुढे सरकवलं. त्यांच्या तळव्यावर गोळे सुरेख गोल होत गेले. नैवेद्याआधी चाखायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त. आता नैवेद्यानंतरही चाखायचं नसतं. घरोघरी गोड वळणारे हात बहुधा असेच. चव त्यांना दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळते.

सगळे वळून झाल्यावर त्या बेसिनपाशी गेल्या. नळ सोडण्याआधी त्यांनी चॉकलेटने माखलेला तळवा नाकाशी धरला आणि डोळे मिटले. "वास छान आलाय गं," त्या म्हणाल्या.

मी ताट निपटत होते. माझं बोट तोंडात होतं.