मानदुखीचे गुण

माझे नाव दामोदर सीताराम वाणी, वय वर्षे एकाहत्तर. शाळा चौथीत सुटली. पुढचे सारे वाचन स्वकष्टाचे. मानदुखीचे किस्से सहसा कोणी सांगत नाही. परंतु नव्वदच्या दशकात सुरतेतील गोडादऱ्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी दर शनिवारी दुभाष्या म्हणून बसत असे, आणि तेथे ते आपोआप साचत गेले.

तेथील डॉक्टर मीनाबेन छापील प्रश्न गुजरातीत विचारीत: मानेमुळे रोजच्या कोणत्या कामात किती अडचण येते? मी ते रुग्णांना मराठीत सांगे. अडचण मोठी, तर गुण जास्त. मान ताणण्याचे यंत्र एकच होते. जास्त गुणवाल्याला ते आधी मिळे.

बमरोलीच्या एका हातगाडीवाल्याला मी विचारले, "मोटार चालवताना मान दुखते?"

"आपली कुठली मोटार, काका? मागून दुसऱ्याची येते, तेव्हा दुखते."

हे कोणत्या रकान्यात लिहावे, ते मीनाबेनना उमगेना.

एका आजींना वाचताना फार दुखे. "काय वाचता?" मी आदराने विचारले.

"मी कसली वाचते? नातू धडा वाचतो. मला मान डोलवावी लागते, नाहीतर तो थांबतो."

आजींना त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले. कमी गुण पडलेल्या एका गृहस्थांनी मात्र पुढच्या शनिवारी अभ्यास करून येण्याचे आश्वासन दिले.

खानदेशातून आलेला लोटन यंत्रमागावर कामाला होता. तुटलेले धागे सांधून त्याची मान पार आखडली होती. उपचार लवकर मिळाले नसते, तर माग हातचा गेला असता. परंतु दुखणे कबूल केले की काम जाते, ही कारखान्यातली धास्ती त्याच्या जिभेवर बसलेली.

"दाढी करताना त्रास?" मी विचारले.

"काहीच नही."

मागे उभी असलेली त्याची बायको विठाबाई म्हणाली, "दाढी मी करस."

"कपडे घालताना?"

"बिलकुल नही."

"सदरा मीच चढावस."

"वजन उचलताना?"

"नही."

"पानी कोन भरस, ते ईचारा."

मीनाबेननी पेन खाली ठेवले. "मग त्रास होतो तरी कोणाला, लोटनभाऊ?"

बायकोकडे पाहण्यासाठी लोटन बाकावरून उठला, अख्खाच्या अख्खा मागे वळला, आणि म्हणाला, "हिले."

त्या दिवशी यंत्रावर पहिली पाळी लोटनची लागली. पुढच्या शनिवारपासून मीनाबेन प्रत्येक प्रश्नानंतर आणखी एक प्रश्न विचारू लागल्या: हे काम घरी कोण करते?