पाठवणी राहिलेले देव

पनवेलच्या आसपासच्या आगरी गावांत लग्न ठरलं की आधी हौसाबाईची तारीख घ्यायचे, मग हॉलची. धवलारीण होती ती. हळदीच्या मांडवात बसून धवळे गायची, गावदेवीपासून खाडीकाठच्या शेंदरी दगडापर्यंत एकेका देवाला नाव घेऊन हाक मारायची, पाटावर तांदळाच्या राशीत सुपाऱ्या मांडून त्यांना बसवायची; आणि मांडव उतरला की पुन्हा गाऊनच त्यांची पाठवणी करायची. बोलावलेला देव परत पाठवावाच लागतो, हे तिनंच साऱ्या गावाला बजावलेलं.

आणि तिच्याच घरचे देव दोन वर्षं पाटावर बसून होते.

एकुलत्या एका मुलाच्या, प्रणितच्या लग्नात गाऊन गाऊन तिचा घसा बसला. "पाठवणी उद्या करते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच पळस्प्याला कंटेनरखाली प्रणितची बाइक आली. सुतकाच्या घरात धवळे कोण गाणार? पाट कोपऱ्यात राहिला तो राहिलाच.

तेव्हापासून हौसाबाई त्या पाटाशी बोलायची. नळ आटला, "बघताय ना? एक हंडा तरी भरू द्यायचा." मिक्सर जळला, "आता वाटप तुमी वाटा." चप्पल चोरीला गेली, तेही तिथेच जाऊन सांगायची. सून अंकिता द्रोणागिरीच्या गोदामात ऑफिसला होती. दमून यायची, हे ऐकायची आणि एक दिवस भडकली.

"बसलेत ना ते, आई? मग त्या सकाळी काय बघत बसले होते?"

"तेच तर मी रोज इचारते गो," हौसाबाई म्हणाली. "बोलत नायत."

मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटीच काढावी लागेल, त्यानंतर बोलता येणार नाही.

"दुसरं कायतरी काडा," हौसाबाई म्हणाली. "हात काडा एक."

डॉक्टर हसले. ती हसली नाही.

अ‍ॅडमिट व्हायच्या सकाळी तिचा दीर कमळाकर गाडी घेऊन आला. चहाचा कप हातात घेतला आणि पाटाकडे बोट दाखवत म्हणाला, "वयनी, आज यांना पाठव. उद्यापास्ना तुजा आवाज नाय. दोन वर्सं कोंडून ठेवलेत, कोपतील नायतर काय? आदी पोरगा, आता तू."

"काका, माझा नवरा सुपाऱ्यांनी नाही मारला," अंकिता म्हणाली. मग सासूकडे वळली. "पण पाठवाच आई. मलाही नकोत ते घरात."

हौसाबाई पाटासमोर बसली. डोक्यावर पदर घेतला. आवाज लागला तो गंजलेल्या कडीसारखा, पण लागला. गावदेवीचं नाव घेतलं. देवीनं केलेल्या उपकारांची ओळ गायली. पुढची ओळ होती जायला सांगायची. तिथं ती थांबली.

"पानी देऊ का?" कमळाकर पुढे झाला.

"नको. आवाज हाय अजून." ती सुपारीकडे बघत राहिली. "यांना लावून दिलं तर मी भांडू कोनाशी? कोपले तर कोपले. हितं हायेत तरी. माजं दुसरं कोन हाय?"

"मी आहे ना!" अंकिताचा आवाज चढला.

"तू जाशील. जावंच तू. वय काय गो तुजं?"

अंकितानं पिशवीत टॉवेल कोंबला, परत बाहेर काढला, परत कोंबला. "आणि तुम्ही नाही आलात घरी तर? यांचं मी काय करायचं? मला नाही येत गायला."

हौसाबाईनं तोंड उघडलं. देवांना कसं बोलवायचं हे तिनं चाळीस गावांना सांगितलं असेल. ते ऐकत नाहीत तेव्हा काय करायचं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"मना नाय म्हाईत," ती म्हणाली.

पाट तसाच ठेवून ते निघाले. गाडीत अंकितानं दोनदा विचारलं, "एसी कमी करू?" हौसाबाईनं नुसती मान हलवली. कमळाकर एकटाच ट्रॅफिकला शिव्या घालत होता.

हॉस्पिटलच्या पायरीवर मात्र तिनं अंकिताचं मनगट धरलं.

"निगताना मी त्यांना काय बोललेच नाय. तू सांगितलंस का, मी कुटं जाते ते?"

"हो," अंकिता म्हणाली.

सांगितलं नव्हतं.