डाळ आणि तांदूळ

सिहोऱ्याजवळच्या अंगणवाडीतल्या त्या मदतनीस बाई मला एकदाच भेटल्या. तपासणीला निघालेल्या साहेबांच्या गाडीतून मी फुकट गावी चाललो होतो, म्हणून आत गेलो. नाव विचारायचे राहून गेले.

सरकारी खेळणी कपाटात होती, खोके न उघडलेले. तपासणीत ती नवी दिसायला हवीत, असा वरून निरोप होता. खाली दहाबारा मुले ताटल्यांत डाळ आणि तांदूळ वेगळे करत होती. बाई एकेकाची बोटे धरून दाणा चिमटीत कसा घ्यायचा ते दाखवत होत्या.

साहेबांनी शेरेबुक उघडले. "मुलांकडून धान्य निवडून घेता? नोकरी जाईल."

बाईंचा हात थांबला. "लेकराईले काम नाही सांगत जी मी. डाळ-तांदूळ मीच मिसळवतो, रोज सकाळी."

"कशाला?"

"बोटं वळली पायजे, सायेब. उद्या पेन्सिल धरतीन."

"आणि निवडल्यावर काय करता?"

"खिचडी."

साहेबांनी पेन काढले. तेवढ्यात एका चिमुरडीने त्यांच्यापुढे ताटली सरकवली. ते नाइलाजाने खाली बसले आणि निवडू लागले. थोड्या वेळाने तिने त्यांच्या तांदळाच्या ढिगातून डाळ उचलून सगळ्यांना दाखवली.

"राहू दे माय," बाई म्हणाल्या, "सायेब नवीन आहेत."

खिचडी खाऊन साहेबांनी शेरा लिहिला, 'खेळण्यांची निगा उत्तम.' बाईंची नोकरी वाचली आणि खेळणीही.