मापाच्या वहीतले पाय

बुटांच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. माणूस दुकानात शिरतो तेव्हा भलत्याच ऐटीत असतो. पण एकदा का त्याला स्टुलावर बसवलं, पायातलं काढायला लावलं आणि मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर डोकावला, की सगळी ऐट उतरते आणि तो खरं बोलायला लागतो. मग तो वकील असो नाहीतर फौजदार. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात नव्या पेठेजवळ अशाच एका दुकानात काउंटरवर होतो. माणसं बूट घेऊन गेली आणि किस्से तेवढे माझ्या गळ्यात बांधून गेली.

दुकान शिवप्पा शेठचं. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कानडी, गादीवर मराठी. पांढऱ्या चादरीच्या गादीवर मांडी घालून बसायचे आणि एखादी गोष्ट पक्की झाली की "आयतु" म्हणायचे. म्हणजे झालं, विषय संपला. शेठ आयतु म्हणाले की मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

दाराजवळच्या उजेडात उस्मानचाचा बसायचे. बूट बनवणारे ते. अठ्ठावीस वर्षं एकाच जागेवर, एकाच गोणपाटावर. आणि मी मॅट्रिक झालेला, म्हणून मापाची वही माझ्याकडे. गिऱ्हाइकानं वहीच्या कोऱ्या पानावर अनवाणी उभं राहायचं, चाचांनी पेन्सिल फिरवून पायाची आकृती काढायची आणि शेजारी मी लिहायचं: नाव, गाव, तक्रार. "वैराग. डावी करंगळी नाराज." अशा नोंदी.

चाचांचा एकच कायदा होता. "वजन पड्या बगैर माप नै." बसून दिलेलं माप ते घेतच नसत. हा कायदा त्यांनी एकदाच मोडला. तो किस्सा आधी सांगतो.

*

वैरागचे एक हेडमास्तर आले. निवृत्तीचा समारंभ होता, त्यासाठी बूट हवे होते. मी वही उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली. हेडमास्तर दोन पावलं मागं सरकले.

"हिच्यावर उभं राहू?"

"हो सर. सगळेच राहतात."

"अहो, पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं, कागदाला पाय लागला तर आधी पाया पड. आणि आता जाता जाता मीच सरस्वतीच्या डोक्यावर उभा राहू?"

मी सांगितलं की ही काही पोथी नाही, बुटांची वही आहे. त्यांनी विचारलं, "अक्षरं आहेत ना हिच्यात?" आता अक्षरं तर होती, आणि तीही माझीच.

चाचांनी थोडा वेळ विचार केला. मग सरांना खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर लांब करायला सांगितले आणि वही उभी धरून त्यांच्या तळव्याला लावली. म्हणाले, "सर, आप बैठे रहो. वही आपके पाँव पड रई."

हेडमास्तरांना हे शास्त्राला धरून वाटलं. दोन्ही पायांची मापं झाली, सर खूश होऊन गेले. पण मला चिंता. पायावर वजन नाही, म्हणजे आकृती लहान येणार, म्हणजे बूट आवळणार. आणि समारंभात सर भाषण सोडून पायच चोळत बसणार.

चाचा म्हणाले, "फिकर नक्को. सरस्वती के नाम पो आदा सूत जादा छोड्या मैं."

समारंभानंतर सरांचं पोस्टकार्ड आलं. बूट उत्तम बसले होते. कार्डाच्या खाली वहीला साष्टांग नमस्कार होता.

*

चाचांचा दुसरा हट्ट म्हणजे माप दुपारनंतरच. सकाळी पाय झोपेतून उठलेला असतो, दिवसभर वापरून तो जरा फुगतो, आणि बूट त्या फुगलेल्या पायाला बसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सकाळी येणाऱ्याला ते सरळ फिरायला पाठवायचे. मोहोळ-सांगोल्याची माणसं निमूट जायची. त्यांना तशीही बाजारात कामं असायची.

एकदा सकाळी दहाला नवे फौजदार आले. बदली होऊन आठवडाही झाला नव्हता. उंचेपुरे, मिशा तेल लावलेल्या. "बुटांचं माप घ्या, लवकर."

चाचांनी मान वर न करता सांगितलं, "दो चक्कर मारके आव साब. सुबे का पाँव झूट बोलता."

शेठ गादीवरून अर्धे उठले. फौजदारांनी चाचांकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे बघितलं. खोटं बोलणाऱ्यांशी रोजचा संबंध, त्यामुळे बहुतेक त्यांना ते पटलं असावं. छडी काखेत मारली आणि निघाले.

माणूस कष्टाळू. दोन सांगितल्या तर त्यांनी चार चकरा मारल्या. आता नवा फौजदार तोंडातून शब्द न काढता, एकेका दुकानासमोरून चार-चार वेळा जातोय म्हटल्यावर पेठेत काय झालं असेल ते सांगायला नको. रस्त्यावर मांडलेल्या बादल्या आत गेल्या. चादरींचे गठ्ठे आत गेले. रसवंतीवाल्यानं आपला चरक चार माणसं लावून मागं ओढला. आमच्या पेठेतल्या रस्त्याला दोन्हीकडं गटार आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुपारी माप देताना फौजदार मला म्हणाले, "शिस्तीची पेठ आहे हो तुमची. उगाच बदनाम केलंय."

*

बार्शीच्या एका नवरदेवाचा किस्सा. त्याच्या थोरल्या भावाच्या लग्नात नवरीकडच्या करवल्यांनी बूट पळवले होते आणि बिचारा अनवाणी वरातीला गेला होता. धाकट्यानं धसका घेतलेला. म्हणाला, "चाचा, असे बूट करा की कुणाच्या बापाला पायातनं काढता येऊ नयेत."

चाचांनी केले. घोट्याच्या वर चार बोटं, बारा भोकं, मेण लावलेली दुहेरी नाडी. नवरदेवानं आग्रहानं चाचांना लग्नाला नेलं, आणि ते बरंच झालं. कारण अंतरपाट धरायची वेळ झाली, बूट काढून पाटावर उभं राहायचं, आणि नाडीची गाठ सुटेना. मामानं ओढून बघितलं, भटजींनी दात लावून बघितले. मुहूर्त टळतोय म्हणून हाकाटी झाली, तेव्हा चाचा आपल्या चपला मांडवाच्या कडेला काढून धावले आणि दोन मिनिटांत बूट उतरवून काखेत घेऊन बसले. लग्न लागेपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत. करवल्या नुसत्या घिरट्या घालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी चाचा दुकानात आले ते अनवाणी.

"चाचा, चपला?"

"पोट्ट्यां ले गए," चाचा म्हणाले. मग जरा अभिमानानं, "बूट नै छोड्या मैं."

नवरदेवाचा बाप आठ दिवस व्याह्याशी बोलणी करत होता. शेवटी दोन साड्यांवर तडजोड होऊन चाचांच्या चपला परत आल्या.

*

आता मधेच एक वाईट गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पुण्याला जाऊन आल्यावर शेठच्या डोक्यात रेडीमेड बूट शिरले. कारखान्यातून पेट्या येतात, नंबर बघायचा, पायात घालायचे, चालू लागायचं. कंपनीचा एजंट महिन्याभरात येणार होता. माल पसंत पडला की चाचांच्या जागी काचेचं कपाट येणार आणि चाचांनी मागच्या ओसरीवर बसून टाचा-बिचा लावायच्या.

शेठनी हे काही दुष्टपणानं सांगितलं नाही. आवाज खाली होता. चाचा एवढंच म्हणाले, "पिच्छे उजाला नै शेठ. टाका दिसता नै मेरेकू." शेठ चादरीवरची सुरकुती सारखी करत राहिले. टाका दिसला नाही तर चाचा बूट शिवणार कसे, हे कळण्याइतकी अक्कल आम्हां तिघांनाही होती. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. चांगला कारागीर, पण सांगितल्या कामाच्या पलीकडं डोकं चालवायचं नाही ही शपथ घेतलेला. शेठ त्याला म्हणाले, "दाराजवळच्या जागेचं माप घे आणि कपाट कर." आणि बँकेत गेले.

सुतार चाचांना म्हणाला, "जरा उठता का? खालचं माप घ्यायचंय."

चाचा म्हणाले, "वजन पड्या बगैर माप नै."

सुतारानं मान डोलावली. चाचांच्या उजव्या गुडघ्यापासून भिंतीपर्यंत टेप लावला, डाव्या गुडघ्यापासून दारापर्यंत लावला, आकडे लिहिले आणि गेला.

पंधरा दिवसांनी कपाट आलं. म्हणजे दोन कपाटं आली. एक चाचांच्या उजवीकडं चपखल बसलं, एक डावीकडं. मधे चाचा, देवळीत ठेवल्यासारखे.

शेठ लाल झाले. "अरे, हे काय केलंस?"

"तुमीच सांगितलं की, जागंचं माप घे म्हनून. जागंत चाचा व्हते."

शेठनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "असू दे. एजंट येऊन गेला की मधे आरसा बसवू. आयतु."

आयतु म्हटल्यावर माझी आशा संपली.

*

त्याच दिवसांत सांगोल्याकडचे एक म्हातारे मेंढपाळ बूट परत घेऊन आले. चाचांच्या अठ्ठावीस वर्षांत परत आलेला हा पहिला जोड, आणि वेळ बघा कसली. मी त्यांना हळूच बाहेर गाठायला गेलो, पण शेठनी बघितलंच.

"काय झालं पाव्हणं? चावतात?"

"न्हाय जी. पाय लई सुखात हाय. पर मेंढरं वळखंनात."

झालं होतं असं, की म्हाताऱ्याच्या जुन्या वहाणा करकर वाजायच्या. त्या आवाजानं मेंढरं मागं यायची. चाचांचे बूट पडले मुके. म्हातारा पुढं, मेंढरं जागच्या जागी. शेवटी लेकानं जुन्या वहाणा घालून कळप घरी आणला.

चाचांचा चेहरा उतरला. आवाज न करणारा बूट करायला त्यांना आयुष्य लागलं होतं. तरी त्यांनी तळवा उसवला, दोन थरांच्या मधे कसलंसं वाळकं बी घातलं आणि परत शिवला. म्हातारा दुकानात चालून दाखवू लागला. असा आवाज, की शेजारचा कापडवाला डोकावून गेला. चाचांनी डोळे मिटून घेतले.

आठ दिवसांनी म्हातारा मुद्दाम सांगायला आला. "मेंढरं आता बरूबर येत्यात. पर घरी निगालो की म्हातारीलाबी दोन शेतावनं कळतंय. जाईपत्तूर ती झोपल्याली आस्ती. च्या करायला कोन न्हाय."

चाचांनी विचारलं, "निकालूं?"

"नगं. मेंढरं म्हातारीपरास जास्त हायती."

*

मग एजंट आला. दुपारी तीनला, टेरिलीनची पँट, हातात बॅग, पायात कंपनीचे चकचकीत बूट. जरा डावीकडं कलून चालत होता. मला वाटलं, पुण्याची फॅशन असेल.

गादीवर चढायचं तर पायातलं खाली काढावं लागतं. त्यानं बूट काढले, पायरीशी ठेवले आणि वर जाऊन बसला. पायरीपासून चाचांचं गोणपाट हाताच्या अंतरावर.

त्याचं बोलणं मात्र ऐकण्यासारखं होतं. "शेठ, पाच नंबर ते अकरा नंबर. सात नंबरांत अख्खा महाराष्ट्र बसतो. माप घेणं, वही ठेवणं, हे सगळं जुनं झालं. पाय म्हणजे काय हो, नंबर." शेठ माना डोलवत होते. मी भिंतीकडं बघत होतो.

मधेच माझं लक्ष खाली गेलं. एजंटचा डावा बूट चाचांच्या मांडीवर होता. त्यांनी आत दोन बोटं घातली होती आणि डोळे मिटून चाचपत होते, वैद्य नाडी बघतो तसे. मी खुणेनं नको म्हटलं. चाचांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ओलं फडकं आत घातलं, करंगळीच्या जागी कातड्याचा तुकडा लावून लाकडी फरमा बसवला आणि बारकी हातोडी घेऊन आतली उंच शिवण ठोकायला लागले. टक, टक, टक.

"चाचा, जरा थांबा ते," शेठ म्हणाले.

"हौ जी," चाचा म्हणाले, आणि हळू ठोकायला लागले.

तासाभरानं एजंटनं ऑर्डरचा फॉर्म काढून शेठच्या पुढ्यात ठेवला. बूट तोवर पायरीशी जागच्या जागी होते. शेठनी पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्म वाचायला घेतला. शेठ वाचल्याशिवाय सही करत नसत. "वाचा निवांत," म्हणत एजंट खाली उतरला, बूट घातले, नाड्या बांधल्या आणि रिक्षा बघायला दाराकडं निघाला.

चार पावलं गेला आणि थांबला. एक पाऊल मागं आला. परत एक पुढं गेला. मग वळून माझ्याकडं आला, जरा घाबराच.

"अहो, माझे बूट कुठायत?"

"हे काय, तुमच्या पायात."

"नाही हो," तो म्हणाला. "हे माझे नाहीत. माझे चावतात."

चाचा खाली मान घालून एक दोरा मेणातून ओढत होते. शेठनी त्यांच्याकडं बघितलं, मग फॉर्मकडं बघितलं, आणि पेनाला टोपण लावलं.

"आयतु," शेठ म्हणाले. "जा रे, साहेबांसाठी वही आण."