वॉर्डातल्या विड्या

विडी मी आयुष्यात एकदाच वळली, तीही इस्पितळात, नर्सच्या पांढऱ्या गणवेशात आणि डॉक्टरांच्या मांडीला मांडी लावून.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. पूर्व भागातल्या, विड्या वळून पोट भरणाऱ्या एक तेलुगू अक्का न्हाणीत घसरल्या होत्या. मनगटाचं ऑपरेशन करून आत तार घातली होती. आता बोटं हलवली नाहीत तर ती कायमची आखडणार, म्हणजे विड्या वळणं संपलं. ते त्यांनाही कळत होतं, पण हात पदराखालून निघेना. हलवला की तार तुटते, असं त्यांच्या मनानं घेतलेलं. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू रोज गादीखाली सापडायचा. माझ्या तर नाकावर राग. समजावलं, ओरडले, शेवटी अबोला धरला.

"बाई भ्यालीय की, सिस्टर," आयाबाई म्हणाल्या. "भ्यालेल्याला दरडावून काय हुतंय?"

मग चहाला बसलो असताना डॉक्टर, आयाबाई आणि मी, आम्हा तिघांचं ठरलं, की अक्कांना रुग्ण म्हणून वागवायचंच नाही, त्यांच्यासमोर आपणच विड्या वळायला बसायचं. मेट्रनबाईंची अट एकच, वॉर्डात तंबाखू नको. तेव्हा तंबाखूऐवजी स्वयंपाकघरातून चहापत्ती आणली. पानं, कातर, दोरा आणि सूप अक्कांच्या लेकीनं आणलं.

"आम्ही वळतो, तुम्ही फक्त तपासा," मी अक्कांना म्हटलं. कारखान्यात खराब विडी बाजूला टाकतात, तिला छाट म्हणतात. अक्कांनी जन्मभर तपासणाऱ्याची बोलणी खाल्लेली. त्या ताठ बसल्या.

माझी विडी छाट. आयाबाईंची छाट. डॉक्टरांची मध्येच उलगडली आणि चहापत्ती त्यांच्या कोटावर सांडली, तेव्हा अख्खा वॉर्ड हसला. मेट्रनबाईंनीही नाक मुरडत एक वळून बघितली. तीही छाट.

शेवटी अक्कांना आमचं काम बघवेना. "असं न्हाय," म्हणत त्यांनी पान ओढून घेतलं, दुखऱ्या हातानंच. मग त्यांच्या लक्षात आलं. क्षणभर त्या थांबल्या, मनगटाकडे पाहिलं आणि हळूहळू वळू लागल्या. बराच वेळ गेला, पण विडी झाली. वाकडी, ढिली. मला रडूच आलं.

"ही पास," डॉक्टर म्हणाले.

अक्कांनी ती खिडकीकडे धरून नीट फिरवून पाहिली.

"छाट," त्या म्हणाल्या, आणि दुसरं पान घेतलं.