वारा उजव्या हाताला

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी एरंडोलच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर होतो आणि मोटारसायकल कुठल्या तोंडाने लावावी याचा विचार करत होतो. रविवार होता. जळगावहून धुळ्याला नानांकडेच निघालो होतो. फोनवर त्यांच्या पत्नी, अक्का, एवढंच म्हणाल्या, "नाना गयात रे." मी "बरं" म्हणालो. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन गाडी लावली, पहिला गिअर टाकला, हँडल डावीकडे वळवलं, स्टँडखाली चपटा दगड सरकवला... आणि चहा न पिताच ती पुन्हा काढली. अशी बातमी ऐकल्यावर माणसं हातातलं टाकून धावतात म्हणे. मी आधी गाडी नीट लावली. नानांना हे आवडलं असतं, असं आता वाटतं.

नाना माझ्या नात्यातले कोणी नव्हते. मूळचे चोपड्याचे, नोकरीमुळे धुळ्यात घर केलेले. साक्रीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामाला आम्ही एकत्र होतो. ते सगळ्यांत जुने आणि मी सगळ्यांत नवा. वारा भरपूर म्हणूनच तिथे पवनचक्क्या, त्यामुळे वाऱ्याबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. गाड्यांसाठी एकदा पत्र्याची शेड बांधली होती. तिचे उडालेले पत्रे खालच्या गावातल्या लोकांनी परत आणून दिले, आणि पुन्हा कोणी शेडचं नाव काढलं नाही. पहिल्या दिवशी मी माझी नवीकोरी गाडी डबल स्टँडवर, अगदी दिमाखात उभी केली. नाना शेजारीच त्यांची जुनी काळी गाडी लावत होते. त्यांनी बघितलं आणि काही बोलले नाहीत. आम्ही मनोऱ्यावर चढलो. तासाभराने वरच्या झरोक्यातून नानांनी खाली पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "तुनी गाडी झोपनी."

मी खाली डोकावलो. माझी गाडी आडवी, नानांची तिच्याशेजारी उभी. मी शिडीकडे निघालो, तर म्हणाले, "आते खाले जाईसन काय करशी? ती पडी गयी. काम कर." संध्याकाळपर्यंत टाकीतलं अर्धं पेट्रोल मुरमात जिरलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला. सकाळीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण ती त्यांची शिकवायची रीत होती. गाडी पडलेली बघितल्याशिवाय माणूस ऐकत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि माझ्या बाबतीत ते खरं निघालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. वाऱ्यात डबल स्टँड नको, साइड स्टँडच. त्यावर गाडी डावीकडे कलते, म्हणून वारा उजव्या हाताने यायला हवा. "वारा गाडीले स्टँडवर दाबाले जोयजे, उठाडाले नही," असं ते तळहाताने हवेत दाबून दाखवायचे. गाडी गिअरमध्ये. पुढच्या ब्रेकचा दांडा जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला. जमीन भुसभुशीत असेल तर स्टँडखाली दगड. आणि कव्हर कधीच नाही, "कवर मंजे वाराले पिशवी दिधी." बाकी सगळ्या बाबतीत हा माणूस सढळ होता, डबा उघडला की निम्मा दुसऱ्याच्या ताटात, पण चुकीची लावलेली गाडी त्यांना सहन व्हायची नाही. माझ्या लग्नात, जळगावला, मांडवाचं कापड फडफडायला लागल्यावर नाना भरल्या ताटावरून उठले आणि बाहेरच्या ज्या गाड्यांना लॉक नव्हतं त्या सगळ्या फिरवून आले. माझे मामा पाऊण तास आपली गाडी चोरीला गेली म्हणून बोंबलत होते. ती जागेवरच होती, फक्त तोंड दुसरीकडे होतं.

पुढे माझी बदली जळगावच्या ऑफिसात झाली, नाना निवृत्त झाले. गेल्या थंडीच्या शेवटी त्यांच्या हृदयाचं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं. त्यांनी खाट पुढच्या खोलीत खिडकीशी ओढून घेतली. खिडकीबाहेर हातभर ओटा, ओट्याला लागून गाडी, पुढे पश्चिमेला रिकामा प्लॉट. तिथून वारा सरळ अंगणात. मला म्हणाले, "रविवारना येत जाय. चालू कर, पुस, नीट लाव. दिवाळीनंतर मीच चालाडसू. तोवर तिले पडू देऊ नको." आयुष्यात त्यांची उभी केलेली गाडी कधी पडली नव्हती. दिवाळीचं खरं नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं. पण ती गाडी उभी राहणं हे एक काम उरलं होतं आणि ते त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

मी दोन महिने ते नीट केलं. मग माती खाल्ली. उन्हाळ्यात धुळ्याची धूळ गाडीवर बोटभर साचायची, म्हणून मी एक छान निळं कव्हर विकत घेऊन गेलो. नानांना दुसऱ्या दिवशी तपासण्यांसाठी जळगावला दाखल करायचं होतं, ते आत झोपले होते. कलत्या गाडीवर कव्हर नीट बसेना, म्हणून ती डबल स्टँडवर घेतली. पठारावरचे नियम घरच्या अंगणाला कशाला, असं मनाशी म्हटलं. दोन दिवसांनी मी आणि अक्का कपडे न्यायला आलो, तर निळं कव्हर प्लॉटच्या टोकाला बाभळीत अडकलेलं आणि गाडी ओट्यावर पडलेली. ओट्याच्या कडेने टाकीला डावीकडे वाटीएवढा पोचा.

आम्ही दोघांनी मिळून ती उचलली. अक्का म्हणाल्या, "त्यासले सांगू नको. जीवले लायी लेतीन." मी आरसा बदलला, क्लचचा दांडा बदलला, पोच्याचं काय करणार? नानांची गाडी नेहमी दक्षिणेकडे तोंड करून असायची, म्हणजे पश्चिमेचा वारा उजवीकडून. डावी बाजू खिडकीकडे. मी गाडी उलटी फिरवली. आता तोंड उत्तरेला, धड बाजू नानांकडे, पोचा प्लॉटकडे... आणि वारा डावीकडून, गाडीला स्टँडवरून उचलायला मोकळा. ज्या माणसाने माझ्या लग्नात लोकांच्या गाड्या फिरवल्या, त्याला हे दिसणार नाही असं मला का वाटलं, कोण जाणे.

दवाखान्यातून आल्यावर नाना खिडकीशी बसले. बराच वेळ बाहेर बघत होते. मग विचारलं, "वारा आते कथाईन येस रे?" मी म्हणालो, "पश्चिमेकडूनच, नाना." "हं," म्हणाले, आणि चहा मागितला.

त्यानंतरच्या रविवारी गाडी पुसताना सीटखालच्या पत्र्यावर, खिडकीच्या बाजूला, रुपयाएवढा एक गोल काळा डाग दिसला. शेजारच्या मुलांचा चेंडू लागला असेल म्हणून फडक्याने काढून टाकला. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच, थोडा मोठा. पुन्हा पुसला. वैशाखात तर वाऱ्याने कहर केला, गल्लीतल्या दोन घरांचे पत्रे उडाले, पण नानांची गाडी हलली नाही. मी मनातल्या मनात खूश होतो. उलटी लावूनही टिकली म्हणजे माझा हात बसला, असंही वाटून गेलं.

शेवटच्या भेटीत मी ठरवून गेलो होतो. अक्का स्वयंपाकघरात होत्या. मी म्हणालो, "नाना, एक सांगायचं राहिलंय..." त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "गाडी उभी शे ना?" मी हो म्हणालो. "मंग जाऊ दे," म्हणाले. मला वाटलं, थकलेत, बोलायला नको. मी सुटल्यासारखा उठलो. याची मला आज लाज वाटते.

तेराव्यानंतरच्या रविवारी सवयीने धुळ्याला गेलो. खाट तिथेच होती. गाडी पुसायला घेतली, डाग होता. मी अक्कांना म्हणालो, या पोरांना जरा सांगा, दर आठवड्याला चेंडू मारतात. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. "चेंडू कसाना?" म्हणाल्या. "त्यासनी काठी शे ती." दवाखान्याने दिलेली नानांची काठी, खाली रबरी बूच असलेली, खिडकीच्या गजाला टेकून उभी होती. "वारा सुटना का गजमातीन बाहेर काढेत आनि गाडीले लायी ठेवेत. दुपार दुपार बसेत. मी म्हनू, हात दुखी, मी फिरायी लेस गाडी. ते म्हनेत, पोऱ्यानी लायेल शे, राहू दे. फिरावशी ते त्याले समजी, वाईट वाटी."

पोऱ्या म्हणजे मी. काठी उचलून गजांतून बाहेर काढली. ती बरोबर डागावर टेकली.

मग गाडी फिरवली. दक्षिणेकडे तोंड, वारा उजव्या हाताला, पहिला गिअर, ब्रेकला ट्यूबची पट्टी, स्टँडखाली दगड. पोचा आता खिडकीतून सरळ दिसतो. काठी आत ठेवू का, असं अक्कांना विचारलं. राहू दे तिथेच, म्हणाल्या. दुपारी वारा सुटला, अंगणात धूळ उठली. मी खाटेवर बसून बघत होतो. गाडी जागची हलली नाही, तिला काठीची गरज नव्हती. तरी संध्याकाळी वारा पडेपर्यंत मी काठी गजांतून बाहेर धरून बसलो.